तक्रारीचा रकाना

कापणीनंतरच्या गावजेवणात यंदा डॉक्टर डोरीन प्रोकोपचुक बोलणार आहे, ही बातमी पसरली तेव्हा गावाने आधी ती अफवाच मानली. डोरीन चारचौघांत उभी राहिली होती ती एकदाच, धाकट्या बहिणीच्या लग्नात, एकोणीसशे एकोणऐंशी साली. ते भाषण चार वाक्यांचं होतं आणि त्यातलं एक नवऱ्यामुलाच्या हर्नियाबद्दल होतं. ऑपरेशन उत्तम झालंय, काळजीचं कारण नाही, असं तिने दीडशे पाहुण्यांना सांगितलं आणि समाधानाने खाली बसली. त्यानंतर एकोणतीस वर्षं तिला कुणी बोलायचा आग्रह केला नव्हता.

या वेळी तिने आपणहून नाव दिलं होतं. साठाव्या वर्षी, ज्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या तळघरात उभं राहून, तिला साठ-सत्तर बायकांना एक गोष्ट सांगायची होती: ज्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही मला इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचलात, तिचा निम्मा भाग मी केला नसता तरी तुम्ही तितक्याच जगला असतात. त्या निम्म्या भागाने तुमचे पाय मात्र सुजवले. त्या साठ-सत्तर जणींत एक बाई अशी होती जिच्या नुसत्या आठवणीने डोरीनच्या हातातला काटा-चमचा थांबायचा. मिसेस व्हर्ना हुपालो. शेजारच्या शेतावरच्या. डोरीन त्यांना लहानपणापासून 'मिसेस हुपालो' आणि 'तुम्ही' म्हणायची, आणि त्यांच्या ओटीपोटात हात घालून आल्यावरही त्यात बदल झाला नव्हता. त्या तिला बापाच्या नावाने 'पीटची पोर' म्हणायच्या, आणि ती सस्कॅचवान प्रांतातली नामांकित सर्जन झाल्यावरही त्यातही बदल झाला नव्हता.

डोरीनला लहानपणापासून मोजायचा नाद. टर्की मोज, अंडी मोज, कुंपणाचे खांब मोज. रविवारी चर्चमध्ये फादर प्रार्थना म्हणत असताना ही पुढच्या बाकावरच्या टकलांची संख्या आजीच्या कानात सांगायची. सस्कटूनच्या मेडिकल कॉलेजात ती गेली तेव्हा वर्गात मुली सहा. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तिचे हात पाहून विचारलं, एवढी सफाई कुठे शिकलीस. ती म्हणाली, कोंबड्या साफ करताना. प्राध्यापकांना हा विनोद वाटला. तो विनोद नव्हता. दर शरद ऋतूत आजीबरोबर बसून ती दिवसाला चाळीस कोंबड्या सोलून, आतडी काढून, धुऊन ठेवायची, आणि आजीचा एकच नियम होता: आत काही राहता कामा नये.

हाच नियम घेऊन ती टोरंटोला गेली, स्त्रियांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकली, आणि एक्याऐंशी साली परत आली. त्या काळी गर्भाशयाच्या कर्करोगावरचा उपाय म्हणजे गर्भाशय तर काढायचंच, पण त्याच्या आजूबाजूला, मोठ्या रक्तवाहिन्यांना लगडलेल्या, वाटाण्या-शेंगदाण्याएवढ्या ग्रंथीही वेचून काढायच्या. कर्करोग पसरला तर आधी तिथे जातो, म्हणून जितक्या जास्त ग्रंथी काढाल तितकी बाई सुरक्षित, असं सगळे मानत. सगळे मानत असल्यामुळे ते कुणी नीट तपासून पाहिलं नव्हतं.

काढलेल्या ग्रंथी इस्पितळाच्या तळघरात डॉक्टर सिरिल ॲबॉट यांच्याकडे जायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली घालण्याआधी ते त्या मोजायचे आणि हॉकीचा स्कोअर सांगावा तसा आकडा फोनवरून वर कळवायचे. इतर सर्जन वीस-बावीस काढायचे. पंचवीस झाल्या की त्यांची मान ताठ. डोरीनची सरासरी अडतीस होती. एकदा एकसष्ट भरल्या, तेव्हा सिरिल फोन न करता स्वतः जिना चढून वर आले, जे त्यांनी आग लागली तेव्हाही केलं नव्हतं.

बायकांनी तिला अक्षरशः लाडावून ठेवलं होतं. दवाखान्यात लोणच्यांच्या बरण्या यायच्या, मुरंबे यायचे, एकदा जिवंत हंस आला. रोस्थर्नकडच्या एका शेतकऱ्याने बायको बरी झाल्यावर नव्या कापणीयंत्राचं नाव 'डोरीन' ठेवलं. शेतात शिरली की मागे काही शिल्लक ठेवत नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. डोरीनला हे कळलं तेव्हा तिने तोंडाने 'काहीतरीच' म्हटलं आणि आठवडाभर शीळ घालत फिरली.

मिसेस हुपालोंची शस्त्रक्रिया शहाऐंशी सालची. पन्नाशीची बाई, आठ गुरं, दोन मुलं, मेट्रो नावाचा कमी बोलणारा नवरा, आणि शनिवारी हॉलमध्ये बँड वाजला की सगळ्यांत आधी मैदानात उतरणारे पाय. पोल्का नाचताना त्या मेट्रोला अक्षरशः ओढत न्यायच्या. डोरीनने त्यांच्या बेचाळीस ग्रंथी काढल्या. एकीतही कर्करोग नव्हता. बाई ठणठणीत बरी झाली.

दर सहा महिन्यांनी तपासणीला आली की डोरीन विचारायची, "कशा आहात, मिसेस हुपालो?"

"तसं वाईट नाही."

आणि डोरीन तक्रारीच्या रकान्यात 'नाही' असं लिहायची.

इथेच सगळी गोम होती. आमच्याकडे अंगावर ट्रॅक्टर उलटलेला माणूसही 'तसं वाईट नाही' असंच म्हणतो. डोरीनच्या बापाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या तेव्हा तो डॉक्टरला म्हणाला होता, हवा जरा दमट आहे. तक्रार करणं म्हणजे समोरच्याचा वेळ खाणं, आणि समोरचा तर आधीच आपल्यासाठी एवढं करतोय. डोरीन लांबची, बाहेरची असती तर तिला संशय आला असता. पण ती इथलीच. तिला स्वतःला कुणी विचारलं तरी ती हेच उत्तर द्यायची. तिने ते उत्तर खरं मानलं, दहा वर्षं, काहीशे बायकांचं. त्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यात लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर शंभरात जेमतेम चौघींना त्रास होतो. तिच्या आईने तो निबंध चौकट करून स्वयंपाकघरात, सहकारी दुकानाच्या कॅलेंडरशेजारी टांगला. आईला त्यातलं शीर्षकही कळत नव्हतं, पण पाहुण्यांना ती तो पूर्ण वाचायला लावायची.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत बर्निसने फरशी पुसली नसती, तर हे असंच चाललं असतं.

बर्निस लाफ्रेनिये ही डोरीनची नर्स. डक लेककडची, चार मुलांची आई, आणि डोरीनला न घाबरणारी इस्पितळातली एकमेव व्यक्ती. त्या दिवशी बाहेर शून्याखाली चौतीस. तपासणीला आलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे दाराशी बूट काढून ठेवले होते आणि मोजे घालून आत बसल्या होत्या. वितळलेल्या बर्फाचं तळं झालं होतं. बर्निस बूट उचलून पुसत होती, जोड्या लावत होती, आणि एका जोडीपाशी थांबली. मग दुसऱ्या जोडीपाशी थांबली. मग तिने ते चारही बूट उचलले आणि डोरीनच्या टेबलावर, फायलींच्या वर, ओळीने मांडले.

"हे काय?"

"बूट."

"ते दिसतंय. माझ्या टेबलावर का?"

"तळवे उलटे करून आकडे वाच. तुला आकडे आवडतात ना."

डोरीनने वाचले. एका जोडीत डावा दहा नंबरचा, उजवा सातचा. दुसऱ्या जोडीत डावा सात, उजवा दहा. चारही बूट एकाच बनावटीचे, एकाच तपकिरी रंगाचे.

ती बाहेर आली. बाकावर मिसेस हुपालो बसल्या होत्या, शेजारी एल्सी थीसन. एल्सी मेनोनाइट समाजातली, मऊ आवाजाची. दोघींची गावं शंभर किलोमीटर लांब, ओळख याच बाकावर झालेली. दोघींनी लांब स्कर्ट घातले होते, आणि डोरीनने आयुष्यात पहिल्यांदा त्या स्कर्टांच्या खाली पाहिलं. मिसेस हुपालोंचा डावा घोटा आणि एल्सीचा उजवा, दोन्ही पावासारखे फुगलेले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. ग्रंथी काढल्या की पायातलं पाणी वर चढायची वाट बुजते, ते पायातच साचतं. दोघींची मूळ मापं एकच. सहा वर्षं त्या दर शरद ऋतूत रोस्थर्नच्या दुकानात भेटायच्या, एकाच बनावटीचे दोन जोड घ्यायच्या, एक सातचा, एक दहाचा, आणि बाहेर गाडीत बसून अदलाबदल करायच्या. दुकानदाराला माहीत होतं. दोघींच्या नवऱ्यांना माहीत होतं. वेटिंग रूममधल्या निम्म्या बायकांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते डॉक्टरला.

"मिसेस हुपालो, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू जीव वाचवलास, पीटच्या पोरी. आता त्यावर बुटांची कुरकुर कुठे करायची?"

एल्सी लाजून म्हणाली की डॉक्टरांना वाईट वाटलं असतं.

डोरीन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून अकरा मिनिटं बसली. बर्निसने घड्याळ लावलं होतं. बाराव्या मिनिटाला दार उघडलं आणि डोरीनने विचारलं की शिवणाची टेप कुणाकडे आहे का.

तिथून पुढची पंधरा वर्षं डोरीनने पाय मोजले. घोटा, पोटरी, मांडी. जुन्या बायकांचे मोजले, नव्या बायकांचे मोजले. आणि एक गोष्ट अशी केली की तिच्या सहकाऱ्यांनी तिला वेड्यात काढलं. कर्करोग गर्भाशयापुरताच आहे असं दिसणाऱ्या नव्या बायकांना तिने सरळ सांगितलं: या ग्रंथी काढून फायदा होतो की नाही, हे मला माहीत नाही, मी माहीत असल्यासारखी वागत आले, तुमची तयारी असेल तर पाकीट उघडून ठरवू. बंद पाकिटात चिठ्ठी असायची, 'काढाव्यात' किंवा 'काढू नयेत'. एकशे शहाऐंशी जणी तयार झाल्या. डॉक्टरला माहीत नाही असं डॉक्टर स्वतः म्हणते, म्हणजे बाई प्रामाणिक आहे, असा त्यांचा हिशोब.

पहिल्यांदा 'काढू नयेत' निघालं तेव्हा डोरीनने गर्भाशय काढलं, सभोवार पाहिलं, आणि त्या ग्रंथी तिला तिथे दिसत होत्या. खाज सुटलेली असावी आणि कुणीतरी हात बांधावेत, तशी तिची अवस्था. टाके घालताना ती दोनदा थांबली. बर्निस शेजारून शांतपणे म्हणाली, "कोंबडी नाहीये ती, डोरीन. शीव." खाली सिरिल फोनपाशी आकड्याची वाट पाहत बसले होते. 'शून्य' ऐकून त्यांना वाटलं लाइन खराब आहे.

उत्तरेकडच्या बायकांना मोजून घ्यायला दोन-तीन तास गाडी हाकत यावं लागायचं. चौऱ्याण्णव साली बर्निसने डोकं लढवलं. गावजेवणाला त्या येतातच, तिथेच मोजू. मग ऑक्टोबरच्या एका रविवारी चर्चच्या तळघरात एका बाजूला टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि पेरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्या, आणि दुसऱ्या बाजूला, लहान मुलांच्या धर्मवर्गाच्या खोलीत, पडद्याआड डोरीन टेप घेऊन गुडघ्यांवर. आधी पाय, मग पेरोगी. उलट केलं तर पोटऱ्या फुगतात, असा एक समज पसरला होता आणि डोरीनने तो मुद्दाम खोडून काढला नाही, कारण त्यामुळे रांग शिस्तीत राहायची. हा रिवाजच पडला. पाय नसलेले, म्हणजे मोजायचे पाय नसलेले लोकही त्या रविवारी लांबून येऊ लागले. गावाने जेवणानंतरच्या गोड पाईची संख्या दुप्पट केली.

तक्रारीचा रकाना मात्र तसाच राहिला. टेपवर आकडा वाढलेला दिसायचा. बाई वरून म्हणायची, तसं वाईट नाही. डोरीन आकडा लिहायची आणि पुढचं नाव पुकारायची. टेप आल्यावर आता विचारायचं काय उरलं, असं तिला वाटत असावं. मोजायची आवड असलेल्या माणसाचं असं होतं.

यंदाच्या मे महिन्यात विद्यापीठातून अंतिम निकालाचा कागद आला. त्यावर दोन रेघा होत्या. ग्रंथी काढलेल्या बायका किती जगल्या त्याची एक, न काढलेल्यांची एक. दोन्ही रेघा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. कुठली कुठली ते ओळखायला डोरीनला चष्मा बदलावा लागला. खाली सुजेचा तक्ता. ग्रंथी काढलेल्यांत तिघींतली एक. न काढलेल्यांत जवळजवळ कुणी नाही. युरोपातल्या मोठ्या अभ्यासांचे आकडेही तेच सांगू लागले होते, त्यामुळे कागद चुकला असेल असं म्हणायचीही सोय नव्हती.

ही खरं तर आनंदाची बातमी होती. इथून पुढे कुणाला तो त्रास नको. परिषदेत टाळ्या पडल्या. पण डोरीनला मागच्या बायका दिसत होत्या, पाकिटांच्या आधीच्या. संशोधन समितीने सहभागी स्त्रियांसाठी एक पत्र तयार केलं, दीड पानांचं. त्यात 'तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेत' हे शब्द तीनदा होते आणि 'पाय' हा शब्द एकदाही नव्हता. डोरीनने ते बर्निसला वाचायला दिलं.

"छान आहे," बर्निस म्हणाली. "कुणाचं काय झालं?"

"तेच मला विचारायचंय. हे वाचून मिसेस हुपालोंना काय कळेल?"

"कळेल की तुला वकील मिळालाय."

तेव्हा डोरीनने ठरवलं की तोंडाने सांगायचं. समितीच्या सचिवांनी फार समजावलं. ते चुकीचं बोलत होते असंही नाही. माणसं दुखावतील, विश्वास उडेल, आणि कुणी तुमच्याकडे पुन्हा तपासणीला आलं नाही तर त्यांचंच नुकसान, असं त्यांचं म्हणणं. डोरीनलाही नेमकी हीच भीती होती. बावीस वर्षं मिसेस हुपालो तिच्याकडे पाहून ज्या तऱ्हेने हसत होत्या, ते हसणं तिला हवं होतं. सोमवारपासून ते मिळणार नाही असं धरून ती रविवारी निघाली आणि वाटेत नेहमीप्रमाणे एका वळणावर खड्ड्यात गाडी घातली. दोन आतड्यांमधून मिलिमीटरवर सुरी चालवणाऱ्या या बाईला दोन खांबांमधून मोटार नेता यायची नाही.

पाईच्या टेबलापाशी ती उभी राहिली. तळघर भरलेलं. कुणीतरी कप वाजवून लोकांना गप्प केलं.

"मी तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या पोटातल्या ग्रंथी काढल्या," ती म्हणाली. "त्याने तुम्ही जास्त जगाल असं मला वाटत होतं. पंधरा वर्षं मोजून कळलं, की त्याने काही फरक पडत नाही. ज्यांच्या आजाराची सुरुवात होती त्यांच्या ग्रंथी मी ठेवल्या असत्या तर त्या बायका आज इथेच बसल्या असत्या, आणि त्यांचे पाय बरे असते." ती थांबली. हे चार वाक्यांच्या वर जात होतं. "मी ते चांगल्या हेतूने केलं. पण आकड्याचा मला अभिमान होता. मला माफ करा असं म्हणायला मी उभी राहिलेय."

आत स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

मिसेस हुपालो उठल्या. बहात्तर वर्षांची बाई, टेबलाचा आधार घेऊन, डावा पाय आधी बाजूला टाकून. सगळ्यांना वाटलं आता त्या म्हणणार, जाऊ दे पोरी, बस, जेव.

"माझा पाय दुखतो," त्या म्हणाल्या.

तळघरातल्या माणसांना आपण काय ऐकलं ते कळायला वेळ लागला.

"रोज दुखतो. बावीस वर्षं. संध्याकाळी ओल्या सिमेंटचं पोतं बांधल्यासारखा होतो. एल्सी गेली, हृदयाने गेली बिचारी, तेव्हापासून मी दोन-दोन जोड घेते आणि दोन बूट टाकून देते. मेट्रो जायच्या आधी सहा वर्षं आम्ही नाचलो नाही. तो म्हणायचा त्याचे गुडघे गेलेत. त्याचे गुडघे ठणठणीत होते, डोरीन. तो माझ्यासाठी खोटं बोलायचा." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. "दर सहा महिन्यांनी तू विचारलंस कशा आहात. त्याचं उत्तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. तू इथलीच. तुला कळायला हवं होतं."

मग त्यांनी कोट घेतला, स्वतः आणलेली पाई, अर्धी उरलेली, ताटासकट उचलली, आणि जिना चढून गेल्या. एकेक पायरी. कुणाची मदत घेतली नाही.

आणि मग पलीकडच्या टेबलावरची एक बाई, जिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता, ताटाकडे बघत म्हणाली की तिचाही दुखतो. विशेषतः विमानात. तिसरी म्हणाली, मला पँट मिळत नाही. चौथी म्हणाली, जावई विचारतो तुमच्या पायाला काय झालं, दर नाताळात, त्याच सुरात. बघता बघता तळघरात अशी झुंबड उडाली की फादर घाबरून वर निघून गेले. पिढ्यान् पिढ्या साठवलेल्या तक्रारी होत्या. पाय संपल्यावर पाठी आल्या, पाठी संपल्यावर नवरे आले. डोरीन खुर्ची ओढून बसली आणि लिहीत राहिली. कागद संपला तेव्हा बर्निसने टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या कागदाची गुंडाळी फाडून दिली. कॉफी गार झाली. तिला कुणी 'जाऊ दे' म्हणालं नाही, आणि बायकांतली कुणी उठूनही गेली नाही; एकीशिवाय.

गुरुवारी डोरीन हुपालोंच्या शेतावर गेली. न सांगता, मागच्या दाराने, जसं आमच्याकडे जातात. मिसेस हुपालोंनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. हसल्या नाहीत.

"कॉफी संपलीय. चहा आहे."

"चालेल."

"रविवारचं काही बोलायचं असेल तर माझं बोलून झालंय."

"तुम्ही म्हणालात पाय दुखतो," डोरीन म्हणाली. "तो बघायला आलेय."

मिसेस हुपालोंनी किटली ठेवली, खुर्चीत बसल्या आणि पाय पुढे केला. डोरीनने पंधरा वर्षं तो पाय टेपने मोजला होता. आज ती टेप न काढता नुसतं विचारत बसली. सकाळी कसा असतो. जिन्यावर काय होतं. झोप लागते का. सुजेसाठीचा घट्ट मोजा घालता ना, मी दर वर्षी दोन जोड लिहून देते.

त्यांनी ड्रॉवरकडे बोट दाखवलं. डोरीनने तो उघडला. मोजे होते. गेल्या काही वर्षांचे सगळे, न फोडलेल्या पुड्यांत, वर्षांच्या क्रमाने.

"तो एकटीला चढत नाही," मिसेस हुपालो म्हणाल्या. "रबरी नळीत पाय घालण्यासारखं आहे ते. मेट्रो चढवायचा. रोज सकाळी, गुरांकडे जायच्या आधी. त्याला जाऊन चार वर्षं झाली."

डोरीनने एक पुडी फोडली. बहिणीची जपणूक करावी तशी तिची सुरी आतड्यांशी वागायची म्हणतात. पण हा मोजा तिने जन्मात कुणाला चढवला नव्हता. लिहून देणं वेगळं. तिने टाच धरून ओढला, तो घोट्यात अडकला. उलटा करून घातला, तो सुरळी होऊन बसला. मिसेस हुपालो वरून सूचना देऊ लागल्या: भांडी घासायचे रबरी हातमोजे घाल, ते सिंकखाली आहेत, पकड येते, मेट्रो तसंच करायचा. पिवळे हातमोजे घालून प्रांतातली नामांकित सर्जन लिनोलियमच्या फरशीवर मांडी ठोकून बसली आणि इंच-इंच करत तो मोजा वर नेऊ लागली. गुडघ्याशी पोचताना तिचा हात निसटला आणि ती मागच्या मागे कोलमडून लाकडाच्या पेटीला टेकली.

"वीस मिनिटं झाली," मिसेस हुपालो घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मेट्रोला चार लागायची. आणि तो शाळा सहावीपर्यंत शिकला होता."

"त्याला सराव होता."

"तुलाही होईल. तू वसंतात निवृत्त होऊन पीटच्या घरी राहायला येतेयस ना? तीन मैलांवर." हे त्यांनी किटलीकडे पाहत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. "तोवर कुणी पाठव. सकाळी सातला. आठला नको, आठला मी बाहेर असते."

डोरीन म्हणाली पाठवते, आणि उद्या स्वतः येते. मग ती पुन्हा सरसावली. शेवटचा वेढा मांडीवर बसवला, सुरकुत्या तळहाताने सपाट केल्या, मागे सरली.

"कसं वाटतंय?"

मिसेस हुपालोंनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. त्या उठल्या, चुलीपर्यंत चालत गेल्या, तिथून सिंकपर्यंत, आणि परत खुर्चीपर्यंत आल्या, खाली पायाकडे बघत, नवं यंत्र शेतात उतरवून पाहावं तशा.

"अंगठ्यापाशी काचतंय," त्या म्हणाल्या. "आणि टाच वाकडी बसवलीयस."

डोरीनने हातमोजे वर ओढले आणि पुन्हा खाली बसली.